अक्कांनी स्वतःचाच नमुना नापास केला

अन्याय झाला तो शरयू कित्तूरकर, म्हणजे आमच्या अक्का, यांच्यावर. वय सदुसष्ट, राहणार बनशंकरी, बंगळुरू. कधी, तर दिवाळीनंतरच्या चौथ्या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. कुठे, तर एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिन्याभरात कुठली अँटिबायोटिक घेतलीत का? अक्का म्हणाल्या, नाही. त्या आधीच्या तीन आठवड्यांत दोनदा त्यांच्या हातावर अँटिबायोटिकच्या गोळ्या ठेवणारी बाई तिथेच, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती गप्प बसली. ती बाई म्हणजे मी.

पत्रक कसं लिहावं हे मला चळवळीतल्या ताईंनी शिकवलं. कोणावर, कधी, कोणी केलं, हे पहिल्या चार ओळींत आलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधतो. नागपुरात कॉलेजात असल्यापासून मी अशी पत्रकं लिहीत आले. तुंबलेल्या गटारांवर, बंद पडलेल्या दवाखान्यांवर, बायकांच्या स्वच्छतागृहांवर. प्रत्येक वेळी ‘कोणी’ या शब्दापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव असायचं. या वेळी माझं आहे. लिहायला सात आठवडे लागले ते म्हणून.

अक्का गेल्या त्या सकाळी मी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये होते. फोन अण्णांचा आला. अण्णा म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे जुने सभासद, औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अक्कांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, आणि शेवटच्या सहा दिवसांत रुग्णालयात अक्कांजवळ बसण्याची सकाळची पाळी त्यांनी कुणाला दिली नाही. ते एवढंच म्हणाले, “गेली गं. हृदय दमलं.” मी पुढच्या थांब्यावर उतरायला उठले, तर बस खांबांवरच्या उंच रस्त्यावर चढलेली, तिथे थांबे नसतात. मधे कुठे उतरता येत नाही. वीस मिनिटं मी उभीच होते. शेजारची मुलगी म्हणाली, बसा ना, जागा आहे...

पण मला रडगाणं लिहायचं नाही. मला अक्कांचा अभिमान आहे, तो लिहायचा आहे.

तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी या शहरात आले आणि अक्कांच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. अक्का मूळच्या बेळगावकडच्या, पण चाळीस वर्षं इथेच. सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग बनत, त्या भागांची तपासणी करणाऱ्या खात्यात त्या होत्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “आले होते की चार-पाच. तपासणीत टिकले नाहीत.” भाजी घेतानाही तेच. जयनगरच्या बाजारात त्या घेवड्याची एकेक शेंग मोडून बघायच्या आणि भाजीवाली वैतागून म्हणायची, अक्का, स्वल्प सोडा, शेंग आहे, विमान नाही. अक्कांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असे की मी पहिले दोन महिने नुसती मान डोलवत होते. मला त्या ‘हुडुगी’ म्हणायच्या, म्हणजे पोरगी. रागावल्या की ‘पत्रकवाली’.

आमच्या रस्त्यावरच्या गटारावर मी लिहिलेलं पत्रक त्यांना मोठ्या ऐटीत वाचायला दिलं होतं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. मी ‘शेकडो घरांना त्रास’ असं लिहिलं होतं, त्याखाली रेघ मारून विचारलं, किती घरं? मी म्हटलं, पुष्कळ आहेत. त्या चपला घालून बाहेर पडल्या, तासाभरानं परत आल्या आणि म्हणाल्या, “एकेचाळीस. ओरडतेस छान गं. मोजतेस कधी?” त्या दिवसापासून माझं एकही पत्रक लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही.

आता ती पेटी. मंडळाच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे, त्यात आम्ही औषधपेटी सुरू केली. कल्पना माझी. घरोघरी अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पडून असतात, त्या गोळा करायच्या आणि गरजूंना द्यायच्या. ‘उरलेली गोळी फेकू नका’ हे पत्रक माझं, खाली नाव माझं. पुण्या-मुंबईहून नव्यानं आलेली पोरं पिशव्या भरभरून गोळ्या आणून देऊ लागली. अक्का दर रविवारी भिंग घेऊन बसायच्या. प्रत्येक पट्टीवरची तारीख, बॅच नंबर आणि पाकीट अखंड आहे का, हे बघायच्या. मग रजिस्टरमध्ये नोंद आणि सही. तारीख उलटलेली एकही गोळी त्यांच्या हातून सुटली नाही. अण्णा बैठकीत सांगत होते की अहो, तारखेचा प्रश्नच नाही, कुणाला कुठली गोळी लागते हे ठरवणार कोण? अक्कांनी त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं होतं. म्हणाल्या होत्या, तुमच्या कारखान्यापेक्षा माझं रजिस्टर चोख आहे. हॉल हसला. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं.

चूक कुठे होती ते आता लख्ख दिसतं. चाळीस वर्षं ज्या बाईनं माल तपासला तिनं मालच तपासला. माल चांगला होता. ती गोळी त्या वेळी, त्या आजाराला, त्या माणसानं घ्यावी की नाही, हा प्रश्न आमच्या रजिस्टरच्या एकाही रकान्यात नव्हता. आणि रकाने आखले होते मी.

दिवाळीत अक्कांची दाढ सुजली, फुटली, बरी झाली. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला. हृदयाची एक झडप जराशी गळते, हे त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं, पण त्या गोष्टीचा तापाशी संबंध असेल असं आमच्या मनातही आलं नाही. मी पेटीतून सहा गोळ्यांची पट्टी काढून दिली. दोन दिवसांत ताप गेला. “सरी, झालं बरं,” म्हणाल्या, सरी म्हणजे ठीक, आणि अंगणात सडा टाकायला लागल्या. आठवड्यानं ताप परत आला. मी दुसऱ्या जातीच्या चार गोळ्या दिल्या. ताप पुन्हा गेला, पुन्हा आला. या वेळी दोन्ही नडग्यांवर जांभळट लाल ठिपके उठले, बोटानं दाबले तरी न जाणारे. घोटे सुजले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. तेव्हा कुठे आम्ही रुग्णालय गाठलं.

डॉक्टर मंडळींनी तपासण्यांत कसर केली नाही. मूत्रपिंडं बिघडली होती. रक्तात अशा काही प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची, तपासणी सकारात्मक आली की जी शरीराच्याच रक्तवाहिन्यांवर उलटतात. पायावरचे ठिपके, मूत्रपिंडं, ताप, सगळं एका आजाराकडे बोट दाखवत होतं. रक्तवाहिन्यांचा दाह. म्हणजे शरीराची राखण करणारी फौजच घरावर उलटते. पण असा दाह कधी कधी जंतूंमुळेही होतो, किंवा जंतू त्याचं हुबेहूब सोंग आणतात, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी रक्त बाटल्यांमध्ये घालून ठेवलं, जंतू वाढतो का बघायला. पाच दिवसांत काहीच वाढलं नाही. छातीवरून केलेल्या हृदयाच्या तपासणीतही जुन्या गळतीपलीकडे काही दिसलं नाही. मग फौजेला आवरायला स्टिरॉइड सुरू झाली. ताप उतरला, भूक लागली, अक्का मला इडली आण म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, निदान बरोबर निघालं.

मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. तो प्रश्न विचारला कसा, तर खाटेभोवती सहा जण उभे, हातात फॉर्म, घाईघाईत, इंग्रजीतून, आणि उत्तर आलं की खूण करून पुढे. ज्या उत्तरावर एक आयुष्य टांगलंय तो प्रश्न एकदाच विचारतात? एकटं गाठून, खुर्ची ओढून, रुग्णाच्या भाषेत, पुन्हा विचारायला नको? औषधाच्या दुकानात या गोळ्या चिठ्ठीशिवाय गोळ्या-बिस्किटांसारख्या मिळतात, त्याचाही राग येतो. या दोन्हींवर मी लिहीन. पण हे सगळं खरं असूनही ते माझ्या बचावाला येत नाही. मला प्रश्न कळला होता. उत्तर माहीत होतं. मी नऊ दिवस गप्प होते. पहिल्या दिवशी वाटलं, अक्काच नाही म्हणाल्या तर मी मधे कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी वाटलं, दहा गोळ्यांनी काय होतं. नंतर नंतर वाटत काहीच नव्हतं, फक्त डॉक्टर आल्या की मी पाण्याची बाटली भरायला बाहेर जायचे...

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला, तो प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर वीणा संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. शुक्रवारी सकाळी एक मोठं इंजेक्शन द्यायचं होतं. त्या दिवशी त्या एकट्याच होत्या, खुर्ची ओढून बसल्या आणि अक्कांशी कन्नडमधून बोलू लागल्या. मला निम्मं कळत होतं. हे औषध राखणदारांना महिनोन्‌महिने झोपवून ठेवतं, त्या म्हणाल्या, म्हणून आत कुठे जंतू लपला असेल तर त्याला रान मोकळं मिळेल. तो नाही याची आम्ही खात्री केली आहे. बाटलीत काही वाढलं नाही.

अक्कांनी चष्मा काढला. “एक विचारते डॉक्टर. जंतू आत असून तुमच्या बाटलीत वाढला नाही, असं कधी होतं काय?”

डॉक्टर म्हणाल्या, होतं की. आधी अँटिबायोटिक पोटात गेलेली असेल तर. ती अपुरी पडली तर जंतू मरत नाही, नुसता अर्धमेला होतो. बाटलीत डोकं वर काढत नाही, शरीरात टिकून राहतो. पण तुम्ही तर घेतली नव्हती.

मी पाण्याची बाटली उचलली होती. निम्मी भरलेली. दाराकडे दोन पावलं टाकलीही होती. मागून अक्कांचा आवाज आला, कन्नडमध्ये नाही, मराठीत. मला कळावं म्हणूनच.

“घेतली होती. दहा गोळ्या, दोन जातींच्या. तुमचा नमुना नापास आहे डॉक्टर. मी नापास करते.”

मग तेच कन्नडमध्ये सांगितलं. डॉक्टर वीणांनी पेनाला टोपण लावलं. चिडल्या असतील तर दाखवलं नाही. कुठल्या गोळ्या, कुठल्या तारखांना, एवढंच विचारलं. अक्का म्हणाल्या, नोंद आहे, ही पोरगी आणेल. कपाटाची किल्ली अण्णांकडे असायची. मी रिक्षानं त्यांच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगितलं, एका दमात, त्यांच्याकडे न बघता. माणसानं आयुष्यभर वाट पाहावी असा क्षण होता त्यांचा. ते म्हणाले, “थांब, शर्ट घालतो. मीही येतो.”

रजिस्टर घेऊन आम्ही साडेपाचला पोचलो. अक्कांच्या अक्षरात, बॅच नंबरासकट, घेणाऱ्याच्या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहिलेलं. डॉक्टर वीणांनी त्या पानाचा फोटो काढला आणि फोनवर वरिष्ठांशी बोलायला गेल्या. शुक्रवारचं इंजेक्शन रद्द झालं. रक्त पुन्हा घेतलं, तीन वेगवेगळ्या वेळी. आणि या वेळी हृदयाची तपासणी घशातून नळी घालून केली, तेव्हा झडपेच्या मागच्या बाजूला चिकटलेला एक छोटा, हलणारा गोळा दिसला. तिसऱ्या दिवशी बाटलीत जंतूही वाढला. तोंडात राहणारा, साधा, हळू वाढणारा जंतू. फुटलेल्या दाढेतून आत गेलेला आणि गळक्या झडपेवर बिऱ्हाड थाटून बसलेला. पायावरचे ठिपके, मूत्रपिंडं, ती प्रतिपिंडं, सगळा त्याचाच पसारा. फौज उलटली नव्हती. फौज लढत होती, आणि आम्ही तिला चार-पाच दिवस झोपवलं होतं.

चार आठवडे शिरेतून योग्य अँटिबायोटिक दिली. ठिपके गेले, लघवी निवळली. डॉक्टर वीणा सुट्टीच्या दिवशीही डोकावून जायच्या. एकदा म्हणाल्या, मी तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला हवा होता. अक्का त्यांना म्हणाल्या, आता विचारत जा. बस. दोन बायका, दोघींनी आपापली चूक आपल्या तोंडानं सांगितली, आणि कुणी कुणाला धीर दिला नाही. मी बघत होते. पत्रकांतून मी इतक्या लोकांकडे कबुली मागितली आहे, कबुली दिसते कशी ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर एका सकाळी, कॉफी पिताना, मी विचारलं की तुम्ही डॉक्टरांना ‘नाही’ असं का म्हणालात. माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, तुझ्यासाठी. तसं म्हणाल्या असत्या तर मला रडता आलं असतं. अक्का म्हणाल्या, “पत्रकावर तुझं नाव होतं ते खरं. पण रजिस्टरवर माझी सही होती. मी माझी सही वाचवत होते गं.” आणि कप धुवायला उठल्या.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. अक्का काठी टेकत आल्या, पुढे खुर्ची मागितली आणि म्हणाल्या, तिळगूळ घ्या सगळ्यांनी, पण आज मी गोड बोलणार नाही. मग सांगितलं. किती गोळ्या, कुठल्या दिवशी, कुणी दिल्या, कुणी घेतल्या, डॉक्टरला काय खोटं सांगितलं. माझं नाव घेताना वळून मला विचारलं, घेऊ ना? मी हो म्हटलं. शेवटी अण्णांकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही बरोबर होता. लोकांना हसवून मी तुम्हाला हरवलं.” कपाट तिथेच रिकामं केलं. गोळ्या अण्णा पोत्यात भरून रुग्णालयात घेऊन गेले, तिथे औषधी कचऱ्याची सोय असते. एक तरुण आयटीवाला मला हळूच म्हणाला, इतकं सगळं पब्लिकमध्ये सांगायची काय गरज होती. अक्कांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, “अय्यो, खासगीत सांगितलं तर ती चहाडी होते.”

झडप मात्र वाचली नाही. जंतूनं ती कुरतडली होती. पाच महिने अक्का जगल्या, धाप लागत लागत, पण माझी पत्रकं तपासत. मग झडप बदलायची शस्त्रक्रिया झाली, ती पार पडली, आणि सहाव्या दिवशी सकाळी... मी डॉक्टर वीणांना विचारलं, नऊ दिवस आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, कदाचित. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. या उत्तरातली पळवाट मला दिसते आणि मी ती घेत नाही. पण एक गोष्ट खात्रीची आहे. ते शुक्रवारचं इंजेक्शन दिलं गेलं असतं तर अक्कांना ते पाच महिने मिळाले नसते. ते त्यांना त्यांच्याच एका वाक्यानं मिळाले, माझ्या नाही.

अक्कांच्या खोलीत आता कुणी राहत नाही, पण मंडळात त्यांनी लावलेली एक सवय राहिली आहे. कुणालाही रुग्णालयात जायचं असलं की तो आधी कुणाजवळ तरी बसतो आणि गेल्या महिन्याभरात पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट सांगतो. चिठ्ठीवरची, दुकानातून आणलेली, शेजारणीनं दिलेली, गावाहून आलेला काढाही. दुसरा लिहून घेतो. लाजेनं काही गाळलं जातंय असं वाटलं तर पुन्हा विचारतो. परवा अण्णांनीच स्वतःची यादी सांगितली, आणि मी दुसऱ्यांदा विचारल्यावर झोपेच्या दोन गोळ्या आणखी निघाल्या.

तर वाचकहो, हळहळू नका. उठा. हे पत्रक हातात आहे तोवर घरातला औषधांचा खण उघडा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक असेल तर ती कुणालाही देऊ नका, स्वतः घेऊ नका, रुग्णालयाच्या औषधी कचऱ्यात पोचवा. ताप पुन्हा पुन्हा येत असेल तर गोळी शोधू नका, डॉक्टर गाठा. तुमच्या घरातलं कुणी आत्ता रुग्णालयात असेल, आणि त्यानं डॉक्टरांपासून काही लपवलंय हे तुम्हाला माहीत असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. त्याचं नाव जाईल, तुमचं नाव जाईल, जाऊ दे. आत्ता फोन लावा आणि सांगा.